पूर्ण वाक्य बोलता आलं की चढायचं

११ नोव्हेंबर १९५६, रविवार

चौपाटीच्या बाजूने पायऱ्या चढून हँगिंग गार्डनपर्यंत गेले. मध्ये दोनदा बसले. पण गेले.

बरोबर दादा. आईने राखणीला दिलेला. निघताना तिने मला मफलर दिला, छत्री दिली, खडीसाखर दिली आणि दादाला सगळ्या फणसवाडीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बजावलं, "तिला धाप लागली की लगेच टॅक्सी कर हो!"

धाप लागली ती दादाला. त्याचं वजन सॉलिसिटरच्या ऑफिसात बसून बसून वाढलंय, आणि रात्री संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभा, पोस्टरं, जागरणं. वर पोचल्याबरोबर बाकावर बसला आणि चक्क घोरायला लागला. मी त्याच्या मांडीवर छत्री आणि मफलर ठेवला आणि बागेला फेऱ्या मारून आले. दादा जागा झाला तेव्हा शेजारी बसले होते. म्हणाला, "बघ, विश्रांती घेतली की कसं बरं वाटतं!"

आईला काही सांगितलं नाही.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिसातली मंडळी जानेवारीत राजमाचीला जाणार. नाव द्यायला गेले. सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं. "मिस् कर्णिक, तुमची ती... तब्येत. वर काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

मी म्हटलं, माझी.

"तसं नसतं हो," म्हणाले. फार सौजन्याने. सौजन्याचाच राग येतो.

क्षय झाला तेव्हा परळच्या हॉस्पिटलात पाच महिने, मग सॅनेटोरियम. डाव्या फुप्फुसाला विश्रांती म्हणून त्या बाजूला हवा भरायचे, तेही बंद होऊन वर्ष उलटलं. डॉक्टर स्वतः म्हणाले, बरी आहेस, चाल, फिर. पण घरात अजून माझी कपबशी वेगळी, ताट वेगळं, तांब्या वेगळा. चाळीतल्या बायका बोलताना पदर नाकाशी नेतात. त्यांना वाटतं मला दिसत नाही.

जायचं. त्यांच्याबरोबर नाही. आपलं आपण.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिस सुटल्यावर ट्रामने लालबागला, चंद्राकडे. चंद्रा सावंत माझ्या वॉर्डातली नर्स होती. मला त्या दिवसांत हसवणारी एकटीच. आता मैत्रीण. राजमाची म्हटल्यावर आधी तिने माझी नाडी बघितली, सवयच ती. मग म्हणाली, "चल गो. पण माझा एक नियम. चढताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मध्ये तुटलं की बसायचं. वाद घालायचा नाही."

कबूल केलं.

"आणि थेट राजमाची नाही. आधी मुंब्र्याची देवी."

आई एका अटीवर तयार. दादा बरोबर पाहिजे. दादाला विचारलंच नाही कोणी.

१८ नोव्हेंबर, रविवार

मुंब्रा झालं!

चं. पुढे, मी मध्ये, दादा मागे. थोड्या थोड्या वेळाने चं. ओरडायची, "बोल!" मी म्हणायची, "आज आमच्याकडे वालाचं बिरडं आहे." वाक्य पुरं झालं की पुढे. अर्ध्यावर "आज आमच्याकडे वालाचं" एवढ्यावरच अडकले. बसले. छातीत डावीकडे काहीतरी ओढल्यासारखं. घाबरले, खोटं कशाला लिहू. चं. शेजारी बसली, मनगट धरून राहिली. मग म्हणाली, "हे आजाराचं नाही. हे न वापरल्याचं आहे. आळशी फुप्फुस तुझं."

मागून दादाचा आवाज. "सिस्टर, माझं... वाक्य..." आणि तिथेच बसला तो एका पुजाऱ्याच्या फुलांच्या टोपलीवर. टोपली गेली. पुजारी जे बोलला ती मात्र पूर्ण वाक्यं होती.

वर देवळातून खाडी दिसली, होड्या दिसल्या. ओटी आईने दिली होती ती भरली. खाली उतरताना मला सारखं हसू येत होतं.

२ डिसेंबर, रविवार

नेरळहून माथेरान, रुळांच्या कडेने पायी. निम्म्यातून परत. चं.ला संध्याकाळची ड्यूटी होती. पण आज एकदाच बसले.

साडी हा एक वैताग. घोळ सगळा करवंदीच्या जाळीत अडकला, सोडवताना चं. म्हणाली, "पाचवारीत डोंगर चढायचा म्हणजे पाय बांधून पोहायचं. आमच्या गावच्या बायका बघ, काष्टा मारला की माडावर चढतील." ती स्वतः नऊवारीत होती. मला येते कुठे नेसायला.

दादाचं म्हणणं, आगगाडी असताना पायी चालणं हा तिचा अपमान आहे.

८ डिसेंबर, शनिवार

उद्या राजमाची. आईच्या पेटीतून एक जुनी नऊवारी काढली. चं. वाटेत नेसवेल. विचारलं नाही. विचारलं असतं तर कशाला हवी म्हणाली असती, आणि मग सगळंच निघालं असतं. तिला सांगितलंय, लेणी बघायला चाललोय. लेणी वाटेत आहेतच.

९ डिसेंबर, रविवार. लिहितेय सोमवारी सकाळी, उठवत नाही म्हणून अंथरुणातच.

नाही झालं. पण काय झालं ते लिहायलाच हवं.

पहिल्या गाडीने कर्जत. तिथून कोंडिवड्यापर्यंत चाल, सकाळचं गार, वाटेत भाताची खळी, छान. लेण्यांशी पोचलो. संत्री खाल्ली. गावात वाट विचारून घ्या असं चं. दोनदा म्हणाली होती, पण दादाने ऑफिसात कोणाकडून तरी ऐकलं होतं, "लेण्यांच्या डावीकडून सरळ वर." डावीकडून सरळ वर गेलो. रान दाट. वाट कधी दोन, कधी एकही नाही. मी वाक्यं बोलत होते, मला जमत होतं, त्या आनंदात कोणी दिशेकडे बघितलंच नाही. पुष्कळ चढलो, थोडं उतरलो, एक ओढा ओलांडला आणि समोर लेणी!

दादा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "अरे वा. ही दुसरी लेणी दिसतात. पहिल्यांपेक्षा भव्य आहेत."

चं.ने खाली बोट दाखवलं. आमचीच संत्र्याची सालं.

मी इतकी हसले की खोकला आला. खोकल्याबरोबर दोघांचेही चेहरे बदलले. तेव्हा कळलं, दादा झोपतो, चेष्टा करतो, पण त्याचं सगळं लक्ष माझ्या खोकल्याकडे असतं.

दुपार कलली होती. पुन्हा चढायला वेळ नव्हता. मी म्हटलं, थोडं तरी वर जाऊ, बरोबर वाट तरी बघून ठेवू. एक गुराखी भेटला, त्याने दाखवली. तिच्यावर थोडं गेलो. उतरताना सुट्या मातीच्या घसाऱ्यावर दादा बसला तो बसल्या बसल्याच खाली गेला, थेट झाडाला अडेपर्यंत. लागलं नाही. पण पॅंट मागून फाटली. थोडीथोडकी नव्हे, सगळी.

आता काय? दादाच्या पिशवीत समितीचा कापडी फलक होता, स्टेशनवरून थेट सभेला जायचं म्हणून आणलेला. तोच कमरेला गुंडाळला. मजकूर मोठा, कापड लांब, कसंही गुंडाळलं तरी "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" पुढे, आणि नेमकं मागे "झालाच पाहिजे".

असा दादा कोंडिवड्याहून कर्जतपर्यंत चालला. मी आणि चं. मागून. हसून हसून वाक्य तर सोडाच, शब्द फुटेना. कर्जत फलाटावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, पांढरी टोपी, हातात काठी. दादा पुढून गेला. त्यांनी मागचं वाचलं. सावकाश उठले, काठी वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "झालाच पाहिजे!" सगळ्या फलाटाने साथ दिली. दादाला वळून नमस्कार करावा लागला, आणि वळला म्हणून दुसऱ्या बाजूच्या लोकांनी वाचलं, त्यांनीही घोषणा दिली.

सभेला तसाच गेला. म्हणतो, कोणी काही विचारलं नाही, उलट पहिल्या रांगेत बसवलं.

११ डिसेंबर, मंगळवार

आईला नऊवारी सापडली. मी धुऊन पेटीत खाली दडपली होती. काठाशी करवंदीने फाटलेली.

  संध्याकाळी ऑफिसातून आले तर खिडकीशी बसून रफू करत होती. मी उभी राहिले. मान वर न करता म्हणाली, "लेण्यांत करवंदी असतात वाटतं."

सांगितलं सगळं. राजमाची, ऑफिस, चं.चा नियम. आईचं तोंड लालबुंद. "तुला त्या खाटेवर बघितलंय मी. तुम्हाला काय, तुम्ही हसता. खोलीच्या दाराबाहेर मी बसायचे."

मी म्हटलं, "आई, खाटेवरनं उठले ना मी? की अजून तिथेच आहे?"

दादा मध्ये पडला, तर त्यालाही बोलणी बसली, पॅंटीसकट.

३१ डिसेंबर, सोमवार

रोज सकाळी ऑफिसला चालत. फणसवाडी ते फोर्ट. ठाकुरद्वारापासून वाक्यं मनात म्हणते, लोक बघतात म्हणून मोठ्याने नाही. एकदा विसरून म्हटलं तर पुढचा माणूस वळून म्हणाला, "कुठे आहे बिरडं?"

ऑफिसची मंडळी पुढच्या आठवड्यात राजमाचीला जाणार. जाऊ देत.

६ जानेवारी १९५७, रविवार

निवडणुका जवळ आल्या. दादा घरी सापडतच नाही. खळ आमच्या मोरीत शिजते, पोस्टरं माझ्या खाटेवर वाळतात. आज स्पष्ट म्हणाला, "मतदान होईपर्यंत डोंगरबिंगर बंद. इथे मुंबईचा प्रश्न आहे, इंदू."

मी म्हटलं, तुझा प्रश्न तुझ्यापाशी, माझा माझ्यापाशी. उन्हं तापायच्या आत मला वर जायचंय. तू नको येऊस.

"आई सोडेल?"

"विचारणार नाही."

 मग हाताची खळ पुसत म्हणाला, "तू अशी नव्हतीस हं."

नव्हतेच.

१८ जानेवारी, शुक्रवार

उद्या निघायचं. मी आणि चं. दोघीच. उद्या अर्धा दिवस ऑफिस, मग गाडी, मुक्काम कोंडिवड्यात, पहाटे चढाई. आईला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. 

आई उठली, पेटी उघडली. एक जाडी, विटकी नऊवारी काढून माझ्या पुढ्यात टाकली. "ही ने. फाडलीस ती माझी लग्नातली होती." मग आत गेली आणि भांडी आपटत बसली.

कशी नेसायची ते दाखवायला, एकदा नेसवायला मात्र आली. ओचा घट्ट खोचताना इतका जोर लावला की मी कळवळले.

२० जानेवारी, रविवार. परतीच्या गाडीत. अक्षर हलतंय.

झाली. राजमाची झाली.

काल दादरला गाडीत चढलो तर डब्यात दादा बसलेला. मांडीवर पिशवी, पायात नवे कॅनव्हासचे बूट. म्हणाला, "पोस्टरं काय, दुसरेही लावतात."  चं. म्हणाली, "दादा, पॅंटी किती आणल्यात?" "दोन जादा," म्हणाला, गंभीरपणे.

रात्र कोंडिवड्यात एका घराच्या ओसरीवर काढली. उजाडताना निघालो. या वेळी वाट विचारून, दोघातिघांना विचारून. लेणी मागे टाकली. रानात थंडी, पानांवरून दव ठिबकत होतं. चं.: "बोल!" मी: "दादाने आज जादा पॅंटी आणल्या आहेत." पुढे. मग खडी चढण. तिथे दोनदा वाक्य तुटलं. बसले. वाद घातला नाही. दादाचं चारदा तुटलं, पण तो बसल्यावर कबूल करत नव्हता, म्हणायचा देखावा बघतोय. समोर फक्त झाडाचा बुंधा.

वर पठारावर वाडी लागली. एका म्हातारीने ताक दिलं. मला म्हणाली, "लई लांबून आलीस व्हय? बस की पोरी." हातातला पेला तिने पदराने पुसला, माझ्या हातात दिला आणि परत घेऊन त्यातच दादाला ताक ओतलं. साधी गोष्ट. तिला माहीत नव्हतं, म्हणून. मी आणखी एक पेला मागून घेतला.

मग भैरोबाचं देऊळ आणि तिथून राजमाचीच्या दोन बालेकिल्ल्यांतला उंच तो, श्रीवर्धन. शेवटचा टप्पा. पायऱ्या फुटलेल्या, ऊन चढलेलं. दरवाज्याच्या खाली मी उभी राहिले ती राहिलेच. पाय उचलेना. चं. म्हणाली, "बोल." मी तोंड उघडलं, हवा आत गेली, बाहेर शब्द येईना. ती म्हणाली, "बस." बसले. पुन्हा उठले. "बोल." नाही. पुन्हा बसले. किती वेळ गेला कळलं नाही. चं.ने एकदाही परत जाऊ म्हटलं नाही, आणि चल असंही म्हटलं नाही. दादा एक पायरी खाली उभा. त्याच्याकडे बघितलं तर तो कडेला तोंड करून उभा होता, डोळे पुसत होता.

तिसऱ्यांदा उठले. "बोल."

"मला," म्हटलं, "वर जायचंय."

चं. म्हणाली, "छोटं आहे. पण पूर्ण आहे. चल."

वर वारा. इतका वारा की पदर धरवेना. डाव्या उजव्या दोन्ही बाजूंनी छाती भरली, अगदी खालपर्यंत. असं भरलेलं मला आठवतच नव्हतं. समोर घाटातून आगगाडी निघाली, बोगद्यातून बाहेर, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. आवाज मागाहून यायचा. आम्ही तिघंही मुलांसारखे हात हलवत होतो. गाडीतून कोणाला दिसणार होतो?

दादाला तहान लागली. त्याचा तांब्या त्याने चढतानाच संपवला होता. माझा फिरकीचा तांब्या उचलला आणि तोंड लावून प्यायला लागला. घरी तो माझ्या भांड्याला हात लावत नाही. मी ओरडले, "अरे, माझा आहे तो!"

"माहितेय," म्हणाला. आणि पुन्हा प्यायला. गटागटा, सगळं.

चं. दुसरीकडे बघत होती.

उतरताना दादा दोनदा घसरला. दोन्ही पॅंटी

पुढे लिहवत नाही, हसू येतंय आणि गाडी

२१ जानेवारी, सोमवार

जिना उतरताना कठडा धरून, म्हातारीसारखी. ऑफिसात सेक्रेटरींनी विचारलं, "काय, बरं नाही वाटतं?" म्हटलं, "राजमाचीला गेले होते. श्रीवर्धनवर." ते म्हणाले, "असं का? आम्ही वाडीतूनच परतलो. मंडळी दमली होती."

आईला सांगायला बसले. "नंतर सांग," म्हणाली आणि डाळ निवडत राहिली. आली तेवढी पुरे, असा चेहरा. ऐकायचंच नाही तिला.

२७ जानेवारी, रविवार

दोन दिवस अंग मोडून. खोकला. काल संध्याकाळी ताप. आईने कपाळाला हात लावला आणि तो तसाच ठेवून बसली.

थंडी बाधली असेल. घामावर वारा. असेल.

३० जानेवारी, बुधवार

ताप उतरला. खोकला आहे. चं. ड्यूटीवरून परस्पर आली, पाठीला कान लावून ऐकलं. "मला सर्दी वाटते," म्हणाली. "पण मी डॉक्टर नव्हे. शनिवारी ये, एक्स-रेची प्लेट काढू."

दादाने आईपुढे सगळा दोष स्वतःवर घेतला. मीच नेलं, म्हणाला. खोटं बोलतो. मी म्हटलं, मला कोणी नेलं नाही. मी गेले.

आईने नुसता काढा पुढे केला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

एकदा मनात आलं, गेले नसते तर? पुन्हा पुन्हा विचार करून बघितला. गेले नसते तर आज खोकला नसता. एवढंच. आणखी काही सापडलं नाही.

२ फेब्रुवारी, शनिवार

परळला प्लेट काढायला. आई येणारच म्हणाली. मी म्हटलं, मी चालत जाणार. तिला वाटलं ट्राम नाक्यापर्यंत, मग वाटलं पुढच्या नाक्यापर्यंत. भायखळ्याचा पूल ओलांडल्यावर तिच्या लक्षात आलं. "अगं, तू खरंच चालत निघालीस की काय?" पण थांबली नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेत चालली.

रस्ताभर निवडणुकीच्या पताका, लाऊडस्पीकर. भिंतीवर दादाने लावलेली पोस्टरं असतील काही.

प्लेट काढली. श्वास रोखून धरा, म्हणाला तो माणूस. धरला. किती वेळ धरू शकते आता! चं. काचेपलीकडे होती, तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. नर्सचा चेहरा, वाचता येत नाही. डॉक्टर मंगळवारी सांगणार.

येताना चं.च्या घरी नेलं आईला, लालबागला. तिसरा मजला. आई दमून जिन्यात टेकली. वरून चं.ची आई डोकावली. "काय गो बाय! तुमचा चेडू गड चढान इला, आणि तुमी आमचो जिनो चढाक दमलात? चाय घेतल्याशिवाय सोडूचंय नाय." आईला निम्मं कळलं नसेल, पण हसली. किती दिवसांनी.

परत निघालो. मी ट्रामच्या थांब्याशी उभी राहिले, आईसाठी. ती पुढे गेली. म्हणाली, "चल, भायखळ्यापर्यंत तरी."

 थोडं पुढे गेल्यावर एकदम म्हणाली, "वर वारा असतो का गं?"

सांगितलं. वारा, घाट, आगगाडी, म्हातारीचं ताक. सगळं. ती ऐकत होती. गर्दीतून वाट काढत, पदर सावरत, माझ्या अर्धं पाऊल मागे. मग म्हणाली, "मंगळवारी मी येईन तुझ्याबरोबर." म्हटलं, ये.

"काहीही सांगितलं तरी रडायचं नाही."

"कोणी?"

"दोघींनी."

मी हो म्हटलं. आणखी थोडं चाललो. पुलाच्या चढावर तिला धाप लागली. मी थांबू का म्हणून वळले, तर ती म्हणाली, "चढायचं राहू दे. उतरताना गुडघ्यांना फार लागतं का, ते सांग."

मी म्हटलं, लागतं थोडं. तोवर ती पुढे चालायला लागली होती.